बुडवून ठेवलेला डोंगा

मी एक जुना डोंगा आहे, आणि मला कोरडं राहायला मुळीच आवडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते या एका गोष्टीवरून झालं. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डोंगा पाहिला नसेल, तर ऐका. एकाच झाडाचं खोड आतून कोरून केलेली होडी म्हणजे डोंगा. त्याला फळ्या नसतात, सांधे नसतात, खिळे नसतात. म्हणून फळ्यांच्या होडीपुढे मी जरा ऐट करतो. तशी होडी आमच्या नदीत कधी आलेलीच नाही, पण ऐट करायला समोर कुणी असावंच लागतं असं थोडंच आहे?

आमची नदी म्हणजे कठाणी. धानोऱ्याकडच्या जंगलातून ती वळणं घेत येते. एका काठावर आमचं लहानसं गाव आणि गावाच्या पाठीशी जंगल. ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि मधूनमधून बांबूची बेटं. दुसऱ्या काठावर धानाची शेतं आणि कच्चा रस्ता. त्या रस्त्यावर एसटी येते, तीही मनात आलं तर. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून कुणीही चालत पलीकडे जातो. पावसाळा लागला की मात्र गाव अलीकडे आणि सारं जग पलीकडे. मग सगळ्यांना माझी आठवण येते.

मी मुळात याच जंगलातली एक काटेसावर. माघ-फाल्गुनात माझ्यावर एकही पान नसायचं, नुसती लाल फुलं. मैना, पोपट, माकडं, सगळ्यांची माझ्या अंगावर जत्रा भरायची. एका वर्षी कोलू नावाचा गोंड गावकरी माझ्याखाली येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या खोडाला हात लावला, कान लावला आणि फेरी मारून पुन्हा हात लावला. मग बुंध्याशी तांदळाचे दाणे ठेवून तो बराच वेळ माझ्याशी गोंडीत बोलत राहिला. झाड तोडण्याआधी त्याला सांगावं लागतं, अशी त्यांची रीत. मला तोडल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू? पण न सांगता तोडलं असतं तर ते जास्त लागलं असतं.

कुऱ्हाडीनं आणि वसुल्यानं मला कोरलं. पोटात निखारे पसरून जळकट भाग खरवडला. मग मला नदीकडे न्यायचा दिवस आला. आमच्याकडे डोंगा ओढायला मजूर लावत नाहीत. जुन्या डोंग्यात जो जो बसला असेल, त्यानं नव्या डोंग्याच्या दोरीला हात लावायचा. घरातलं माणूस जसं न बोलावता कामाला येतं, तसं यायचं. सारं गाव आलं. बायका आल्या, म्हातारे आले आणि मला ओढत, हसत, एकमेकांवर ओरडत त्यांनी पाण्यात नेऊन सोडलं. पाण्याचा पहिला गार स्पर्श झाला आणि फुलांचे दिवस मी विसरून गेलो.

कोलूनं त्या दिवशी आपल्या मुलाला, लालसूला, एकच गोष्ट बजावली. गोंडीत पाण्याला ‘एर’ म्हणतात. कोलू म्हणाला, “याले एर पायजे. काम नसन तवा बुडवून ठेव. वाळला का फाटला.”

हेच माझं गुपित. काटेसावरीचं लाकूड पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतं आणि उन्हात ठेवलं की तडकतं. म्हणून दर उन्हाळ्यात नदी आटली की लालसू मला गावाखालच्या डोहात न्यायचा, पोटात दगड भरायचा आणि बुडवून टाकायचा. त्या दिवसांत माझ्या पोटात मासे फिरत, खेकडे घर करत, वरून उन्हाचे हिरवे कवडसे येत. लेकीला माहेरी जसं वाटतं तसं मला तिथे वाटायचं. पावसाळा जवळ आला की लालसू दगड काढायचा, मी वर यायचो आणि पुन्हा कामाला लागायचो.

काम तरी किती केलं! धानाची पोती नेली, मोहाच्या टोपल्या नेल्या, नवऱ्या मुली नेल्या. गावच्या शाळेतल्या बापूराव मास्तरांना सायकलीसकट नेलं. एकदा एका बकरीला नेलं, तिनं भर पाण्यात उडी मारली आणि वरून मलाच शिव्या पडल्या. लोक म्हणत, “लालसूचा डोंगा हाये म्हणून आपण हावो.” हे ऐकून मी जरा जास्तच तरंगायचो.

आता गुलाबबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

गुलाब सावली गावाकडचा. बौद्ध घरातला, धानाच्या शेतीत वाढलेला तरुण. बांबू कटाईच्या टोळीबरोबर तो आमच्या जंगलात आला होता. टोळी परत गेली, पण गुलाब हिवतापानं लालसूच्या घरी पडून राहिला. पाऊस लागला आणि ताप काही उतरेना. लालसूची बायको बुधरी त्याला पेज पाजायची, अंगावर घोंगडी घालायची. शेवटी एका सकाळी त्याची शुद्धच हरपली. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. लालसूनं त्याला उचलून माझ्यात निजवलं आणि बांबू हातात घेतला. मी कितीतरी पूर पाहिले, पण त्या सकाळी मलाही भीती वाटली. पाण्यातून आख्खी झाडं येत होती. लालसू त्यांना चुकवत होता, मी डोलत होतो आणि बुधरी मांडीवर गुलाबचं डोकं धरून भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी उपसत होती. आम्ही पलीकडे लागलो, एसटी मिळाली, दवाखाना मिळाला आणि गुलाब जगला.

पुढे त्याला माजरीला कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. क्वार्टर मिळालं, सत्यशीलाशी लग्न झालं. पण लालसूला तो विसरला नाही. पोस्टकार्ड पाठवायचा, बापूराव मास्तर ते वाचून दाखवायचे. दर वेळी शेवटची ओळ एकच असायची, ‘डोंग्याला माझा जयभीम.’ सांगा मित्रांनो, डोंग्याला कुणी जयभीम घालतं का? मला तर तेव्हा एकदा पाण्यातून उडी मारावीशी वाटली होती.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गुलाब सत्यशीलाला घेऊन आला. मी डोहात बुडालेलो होतो, तरी काठावरचं सगळं ऐकू येत होतं. सत्यशीला पहिल्यांदाच एवढ्या जंगलात आली होती. माजरीला दिवसरात्र गाड्यांचा खडखडाट आणि दोरीवर धुणं घातलं की काळी भुकटी. इथे तिनं आपलं पांढरं पातळ धुऊन वाळूवर पसरलं आणि वाळल्यावर दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. ते पांढरंच होतं. ती हसली आणि कितीतरी वेळ नदीकाठी बसून राहिली. पलीकडे एक चितळ पाणी प्यायला आलं, पाणी पिऊन गेलं. करंजाची पानं हलत होती. बुधरीनं तिला जंगलात नेऊन चारोळीची चारं आणि तेंदूची टेंभरं खाऊ घातली. परत आल्यावर सत्यशीला म्हणाली, “बाई, इथी कान दुखत नाई.”

ते दिवस तेंदूपत्त्याचे होते. लालसू आणि बुधरी पहाटेच पानं तोडायला जात. गुलाब बरोबर जायला निघाला, तर लालसू म्हणाला, “तुमी बसा भाऊ. पावन्यानं काम नाई करा लागत.” गुलाब बसला, पण त्याला बसवेना. खाणीत राबणाऱ्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. तो सत्यशीलाला घेऊन आंघोळीला डोहावर आला आणि पाण्यात त्याला मी दिसलो.

“अवं, हा पाह्य!” तो जवळजवळ ओरडलाच. “माहा डोंगा! बुडला हो बिचारा. कोन्या पोट्ट्यायनं दगड भरून बुडवला पाह्य!”

सत्यशीला म्हणाली, “त्याइले येऊ द्या ना आधी. इचारून घ्या.”

“ते थकून येतीन. यानं मले वाचवलं, मी याले असा पान्यात सडू देऊ?”

आणि तो पाण्यात उतरला. एकेक दगड काढला, मला पालथं केलं, दोर बांधून वाळूवरून ओढत वर आणलं. ओल्या वाळूनं आणि गवतानं घासून अंगावरचं शेवाळ काढलं. घासता घासता तो माझ्याशी बोलत होता, जुन्या पुराची आठवण सांगत होता. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी कधी धुतलं नव्हतं. आणि मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबा, सोड मला! शेवटी त्यानं मला लख्ख उन्हात दोन ओंडक्यांवर ठेवलं आणि अंगावर थाप मारून म्हणाला, “वाळ आता मस्त.”

दुपार उतरल्यावर लालसू-बुधरी पानांचे भारे घेऊन आले. लालसू मला पाहून जागीच थांबला. गुलाबचा चेहरा तर बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. “कसा वाटते आता, लालसूभाऊ?”

लालसूनं पानांचा भारा खाली टाकला. मग म्हणाला, “बेस केला, भाऊ.”

पाणी भरायला आल्यावर बुधरीनं त्याला हळूच विचारलं, “काऊन सांगतलं नाई तुमी?”

“कसा सांगू? पावना हाये. इतक्या हौसेनं केला त्यानं. उद्या जातेत ते, मंग बुडवू.”

पण पाहुण्यांना ‘राहा’ म्हणायची आमच्याकडे रीत आहे. दुसऱ्या सकाळी बुधरीच्या तोंडून ते गेलंच, “राहा ना बाई आणखी.” सत्यशीलाला तेच हवं होतं. गुलाबची सुट्टी शिल्लक होती. ते राहिले आणि मी उन्हात राहिलो. माझा सगळ्यात लाडका माणूस आला होता आणि मी मनात म्हणत होतो, जा रे बाबा एकदाचा!

लालसूनं माझ्यावर ओल्या फांद्या आणून टाकल्या. गुलाबनं त्या उचलून बाजूला केल्या, लाकडाला ओल नको म्हणून. बुधरी घागर घेऊन जाताना मुद्दाम अडखळली आणि अर्धी घागर माझ्या पोटात सांडली. गुलाब धावत आला आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं मला पुसून कोरडं केलं. लालसूनं कपाळाला हात लावला. एका शब्दानं काम झालं असतं. तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना, आणि माझं अंग आतून ओढायला लागलं.

मग ती दुपार आली. सगळे करंजाच्या सावलीत जेवायला बसले होते. म्हाताऱ्या कोलूलाही हाताला धरून आणलं होतं, त्याला आता धड दिसत नव्हतं. आणि मी तडकलो. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मधोमध आवाज गेला, असा की झाडावरचे पक्षी उडाले. कोलूनं हातातला घास खाली ठेवला.

“कोनं डोंगा उन्हात ठेवला?” तो म्हणाला. “कोनं याले पान्याच्या भाईर काढला?”

गुलाबनं लालसूकडे पाहिलं, मग बुधरीकडे. दोघांच्या माना खाली होत्या. तेव्हा त्याला दगडांचा अर्थ कळला, फांद्यांचा कळला, सांडलेल्या घागरीचाही कळला.

“मीच काढला, बाबा,” तो म्हणाला. मग लालसूकडे वळला. “मले काऊन सांगतलं नाई?”

“जाऊ द्या भाऊ. तुमी पावने...”

“पावना!” गुलाबचा आवाज फाटला. “बुधरीबाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी ही नदी पार केली. मी समजत होतो का मी या घरचा हावो. घरचा असतो तर तुमी मले तवाच चार शिव्या दिल्या असत्या. डोंगा वाचला असता.”

त्याच दुपारी ते निघून गेले. सत्यशीला मागे वळून वळून पाहत होती. गुलाबनं वळून पाहिलं नाही.

लालसूनं मला पुन्हा पाण्यात नेलं, पण आता उशीर झाला होता. भेगेत राळ आणि चिंध्या भरल्या, वरून पत्रा ठोकला. माझ्या अंगावर कधी खिळा नव्हता, तोही लागला. पावसाळ्यात मी काम केलं, पण कसं? एक जण बांबू मारायचा आणि दुसरा सारखं पाणी उपसायचा. लोक आता माझ्यात बसताना तोंड वाकडं करत. “लालसूचा डोंगा गळका हाये,” असं ऐकू यायला लागलं. एरवी मी रागावलो असतो, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं ते पोस्टकार्डाचं. ते येत नव्हतं. बापूराव मास्तर पलीकडून आले की लालसू त्यांच्या पिशवीकडे पाहायचा, आणि ते मान हलवायचे. दिवाळी गेली. दुसरा उन्हाळा आला, गुलाब आला नाही. रिकामा असला की लालसू माझ्या काठावर बसायचा आणि पत्र्यावरून बोट फिरवायचा. एकदा तो आपल्याशीच बोलला, “त्यानं डोंगा फोडला नाई. मी फोडला.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात लालसूनं जंगलात एक काटेसावर निवडली. कोलूला खांद्यावर बसवून तिथवर नेलं, कारण झाडाशी बोलायचं काम त्याचं. उन्हाळा लागेपर्यंत नवा डोंगा कोरून झाला. आता तो ओढून नदीत न्यायचा होता. बापूराव मास्तर सुट्टीत भद्रावतीकडे, म्हणजे माजरीच्याच बाजूला, आपल्या गावी निघाले, तेव्हा लालसू त्यांना पोचवायला पाण्यातून पलीकडे गेला. जाता जाता, फुटका म्हणून आता काठावरच पडलेल्या माझ्याजवळ थांबून त्यानं जे सांगितलं ते मी ऐकलं.

“मास्तर, माजरीले जाऊन गुलाबले सांगा. नवा डोंगा ओढाचा हाये. म्हना, तू जुन्यात बसला होता, दोरीले हात लावा लागन. हे बलावनं नाई म्हना. पावन्याले बलावतेत. घरच्याले नुस्तं सांगतेत.”

डोंगा ओढायच्या दिवशी सारं गाव जंगलात जमलं. मी काठावर पडून रस्त्याकडे डोळे लावून होतो. एसटी आली आणि गेली. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर दोन माणसं दिसली. गुलाब आणि सत्यशीला. ते पाण्याजवळ येऊन थांबले. गुलाबचं पाऊल पाण्यात पडेना. नवा डोंगा तोवर झाडांतून बाहेर आला होता, उतारावर अडकला होता, आणि सगळ्यांत पुढे लालसू दोरी खांद्यावर घेऊन घामाघूम झाला होता. त्यानं गुलाबला पाहिलं. मला वाटलं, आता तो दोरी टाकून धावत येईल, हात धरेल, खाट टाका म्हणेल.

लालसू खेकसला, “अबे, उभा काय राह्यला तेथी? हा काय येवाचा टाईम हाये? धर दोरी!”

गुलाब कपड्यांसकट पाण्यातून धावत आला. त्यानं दोरी धरली आणि भलत्याच बाजूला ओढली. “तिकडं कुठी ओढतं, बेअकली!” लालसू पुन्हा ओरडला. सारं गाव हसलं. गुलाब हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. सत्यशीलाही पदर खोचून बुधरीच्या मागे दोरीला लागली. दोघींचं बोलणं तर तेव्हापासून सुरू झालं ते थांबलंच नाही.

मित्रांनो, मी आता कुणाला वाहून नेत नाही. बुधरीनं मला गोठ्याशी ठेवलं आहे. ती माझ्यात पाणी ओतते आणि वासरं पितात. भेगेतून थोडं गळतं, पण तिच्या कष्टानं मी ओला राहतो. येणारीजाणारी पोरंसोरं मला पाहतात, त्यांना मी मनातल्या मनात एवढंच सांगतो. एखादी गोष्ट जपायची असेल तर आधी तिच्या माणसांना विचारा, की हिला काय लागतं. नुसती माया पुरत नाही. आणि आपलं माणूस चुकत असेल, तर त्याला तोंडावर सांगा. मी गुलाबच्या हातून वाळलो खरा, पण मला फोडलं ते दोन भल्या माणसांच्या गप्प राहण्यानं.

नव्या डोंग्याला त्या संध्याकाळी डोहात नेलं. पावसाळा लांब होता, त्याला बुडवून ठेवायचं होतं. लालसूनं बाकीच्यांना काठावरच थांबवलं आणि गुलाबला एकट्याला पाण्यात पाठवलं. गुलाब कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डोंग्यात दगड ठेवत होता. डोंगा हळूहळू खाली जायला लागला तसा तो हातातला लहानसा दगड धरून थांबला. त्यानं लालसूकडे पाहिलं.

“लालसूभाऊ, आणखी टाकू?”

“टाक ना! लहान काऊन उचलतं? मोठा घे, मोठा!”

गुलाबनं वाकून दोन्ही हातांनी मोठा दगड उचलला आणि डोंग्यात ठेवला. डोंगा बुडाला. पाणी त्याच्यावर एक झालं.

“झालं?” लालसू म्हणाला. “आता भाईर ये अन् घागर भरून घरी ने. बुधरी वाट पाहून राह्यली. मी दमलो.”

गुलाबनं घागर भरली, खांद्यावर घेतली आणि कुणाचीही वाट न पाहता तो घराकडे चालू लागला.